भूशास्त्रात एमएस्सी झाली, आता पर्थला यावं का?

सायली, तू विचारलंस की पुण्यातून एमएस्सी झाल्यावर पुराचुंबकत्वात (म्हणजे खडकांत टिकून राहिलेल्या जुन्या चुंबकत्वाच्या अभ्यासात) पीएचडी करायला इकडे ऑस्ट्रेलियात पर्थला यावं, भूकंपांवर काम करावं, की सरळ खाणीतली नोकरी धरावी. शिवाय घरचे म्हणतायत, "दगडच बघायचे तर सह्याद्री काय वाईट आहे?" आधी घरच्यांचंच घेते, कारण त्यांचं म्हणणं निम्मं तरी बरोबर आहे.

सह्याद्री नीट पाहिल्याशिवाय निघू नकोस. १९५०च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी मोजले ते दख्खनचेच दगड. लाव्हा थंड होताना त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतं. त्या दिशेचा क्षितिजाशी होणारा कोन अक्षांशावर ठरतो: कोनाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. दख्खनच्या बेसाल्टचा कोन ४८ अंशांच्या आसपास धरून गणित कर. अक्षांश येतो जवळपास २९, आणि तोही दक्षिणेचा. पुणे आज साडेअठरा अंश उत्तरेला आहे. म्हणजे ६.६ कोटी वर्षांत आपण केवढा पल्ला मारला! वाई-पाचगणी-महाबळेश्वरच्या घाटात तर खालचे थर उलट ध्रुवतेचे (चुंबकीय उत्तर-दक्षिण अदलाबदल झालेली असतानाचे) आणि माथ्याकडचे आजच्यासारखे सरळ, असा अख्खा पालट एका दिवसात चढून बघता येतो. इथं मुलाखतीत "फील्डवर काय केलंस?" असं विचारतात तेव्हा पाठ केलेली उत्तरं लगेच उघडी पडतात. हा घाट पाहिलेला असेल तर बोलायला काहीतरी स्वतःचं असतं.

नमुना घ्यायला आत्ताच शीक. पेट्रोलवर चालणारं ड्रिल, टोकाला हिऱ्याचं बिट, वरून पाण्याचा पंप, आणि २५ मिलिमीटर व्यासाचा गाभा, म्हणजे दगडाचा दंडगोल तुकडा. तो खडकातून मोडून काढायच्या आधी नळी बसवून कल आणि दिशा वाचायची आणि पितळी काडीने त्यावर रेघ ओढायची. रेघ पुसली किंवा बाण उलटा काढला की तो नमुना फेकायचाच. आता गोम अशी की बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्यामुळे होकायंत्र खडकाला टेकवलं की सुई भरकटते. म्हणून सौर होकायंत्र लागतं: सावलीचा कोन आणि घड्याळातली वेळ दोन्ही लिहायची. पावसाळ्यात सह्याद्रीत सूर्यच सापडत नाही, तेव्हा दिवाळीनंतर जा. डोंगराच्या ऐन माथ्यावरचे दगड टाळ. तिथं वीज पडून मूळ चुंबकत्व बिघडलेलं असतं, आणि प्रयोगशाळेत दगड कितीही तापवलास तरी विजेचा तो ठसा नेहमी निघतोच असं नाही.

आता पर्थ. निव्वळ पुराचुंबकत्वाच्या कायम जागा जगभरात थोड्या आहेत, इथंही. कर्टिन विद्यापीठात चांगली प्रयोगशाळा आहे, आणि उत्तरेला पिलबारात ३०० कोटी वर्षांहून जुने खडक आहेत. पृथ्वीवरची भूपट्टं कधीपासून सरकू लागली, हा वाद त्या खडकांवर चाललाय. काम मोठं आहे, पण त्यावर घर चालेलच याची हमी नाही. माझ्या मते "संशोधन की खाण" हा प्रश्नच तू चुकीचा मांडतेयस. पर्थच्या पूर्वेचा यिलगार्न भाग सपाट आहे आणि मूळ खडक झिजेच्या जाड थराखाली दडलेला आहे. त्यामुळे सोनं, निकेल शोधायला विमानातून चुंबकीय सर्वेक्षण करतात. मोजमापात आलेला उंचवटा-खळगा पृथ्वीच्या आजच्या चुंबकीय क्षेत्रामुळेच आहे असं गृहीत धरून मॉडेल केलं, आणि खडकात जुनं चुंबकत्व भरपूर असलं, तर धातूचा थर कुठं कलतोय याचा अंदाज चुकतो आणि महागडं ड्रिलिंग भलतीकडे जातं. हे ज्याला मोजता येतं त्याला कंपन्या विचारतात. तुझी पीएचडी याच सांध्यावर असू दे.

नुसत्या खाणीच्या भरवशावर मात्र येऊ नकोस. २०२३ मध्ये निकेलचा भाव कोसळला आणि २०२४ मध्ये इथल्या निकेलच्या खाणी एकामागून एक थांबल्या. विमानाने जाऊन-येऊन करायच्या शिफ्टमध्ये पगार भरपूर मिळतो, पण गणपती-दिवाळी छावणीत जाते, रोज सकाळी मद्याची चाचणी होते, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आणखी एक: बेसाल्टवर वाढलेल्या आपल्या पोरांनी खनिजाचा साठा प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. निघण्याआधी विदर्भात जाऊन भंडाऱ्याकडची मँगनीजची खाण बघून ये. इथल्या राज्य भूशास्त्रीय खात्याच्या वेबसाइटवर कंपन्यांचे जुने शोध-अहवाल फुकट वाचता येतात. त्यातले चार वाचून आलेला उमेदवार वेगळा उठून दिसतो.

भूकंपांचं म्हणशील तर उलटंच सांगेन: ते करायचं असेल तर कोयनेजवळच्या कऱ्हाडला जा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का धरणाच्या पाण्याशी जोडला गेला, आणि तिथं आजही छोट्याशा टापूत भूकंप होत असतात. अभ्यासासाठी त्याच भागात गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइट. बाहेरचे लोक ते बघायला तिकडे येतात, तू कुठं निघालीस? पर्थजवळचं मेकरिंग मात्र कधीतरी पाहा. १४ ऑक्टोबर १९६८ ला, किल्लारीसारख्याच 'स्थिर' समजल्या जाणाऱ्या भूभागात, ६.५ चा धक्का बसला आणि सुमारे ३७ किलोमीटर जमीन फाटली. वेळ सकाळी अकराची, वस्ती विरळ, म्हणून कोणी दगावलं नाही. किल्लारीत धक्का थोडा लहान होता, पण पहाटे चारला लोक दगड-मातीच्या भिंतींखाली झोपलेले होते.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही, ते सगळं नेटवर आहे. एवढंच कर: विद्यापीठाच्या फॉर्मआधी गाइडला थेट मेल टाक. चार ओळी स्वतःबद्दल, आणि सोबत तुझ्या एका नमुन्याचा आलेख, टप्प्याटप्प्याने तापवत नेल्यावर दिशा कशी बदलली ते दाखवणारा. गुणपत्रिका नंतर. गाडीचा परवाना काढ आणि गिअरची गाडी चालवायचा सराव ठेव, फील्डवर त्याशिवाय अडतं. आणि घाटात वापरलेले बूट आणणार असशील तर तळव्यातली माती ब्रशने पूर्ण काढ आणि विमानतळावरच्या कार्डावर ते लिही. माती सापडली तर ते बूट ताब्यात घेऊ शकतात, आणि लिहिलं नसेल तर दंडही होऊ शकतो.