वीस लाखांची गाडी सात लाखांत, मग बाकीचे तेरा कुठं गेले?

वाचकांचे गाडीविषयीचे प्रश्न आणि नागपूरच्या एका निवृत्त मोटार सर्व्हेअरची उत्तरं

प्रश्न: काका, आम्ही मनीषनगरात राहतो. माझी नोकरी बुटीबोरीला आहे, रोज गाडीनंच जाणं-येणं. मिस्टरांच्या मनात एक जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया भरली आहे. २०१५ ची, १.८ टीएसआय पेट्रोल, ऑटोमॅटिक, ७८ हजार किलोमीटर, एमएच ३१ पासिंग, दुसरा मालक. सात लाख सांगतो. तेवढ्यात नवीन स्विफ्ट येते. मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते, त्यामुळं समृद्धीवरून अधूनमधून जावं लागतं. सासरे म्हणतात, युरोपियन गाडी घेणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. मिस्टर म्हणतात, एकदा दार लावून आवाज तर ऐका. कोणाचं ऐकू?
एक वाचक, मनीषनगर

उत्तर: ताई, त्या दाराचा आवाज मला चांगला माहीत आहे. 'थप्प' करून बसतं, आणि निव्वळ त्या आवाजावर नागपुरात कितीतरी सौदे झालेले आहेत. पण दार काही बिघडत नाही. बिघडतो तो गिअरबॉक्स, आणि त्याच्याबद्दल तुमच्या पत्रात 'ऑटोमॅटिक' एवढा एकच शब्द आहे.

युरोपियन गाडी टिकते का, या प्रश्नाला उत्तर नाही. इंजिन कोणतं, त्याला गिअरबॉक्स कोणता जोडलाय आणि तो नागपुरात कोण उघडतो, एवढं विचारा. ऑक्टाव्हियाचंच बघा. १.८ पेट्रोलला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) लागतो, नाव डीक्यू २००. त्याच गाडीच्या २.० डिझेल ऑटोमॅटिकला सहा गिअरचा, तेलात भिजलेल्या क्लचचा डीक्यू २५०. बाहेरून बघाल तर दोन्ही गाड्या सारख्या, पण दहा वर्षांनंतरचं दोघींचं दुखणं वेगळं. डिझेलवालीला दर ६० हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदललं असेल तर ती सहसा त्रास देत नाही. तुमचीकडं मात्र नीट बघावं लागेल.

डीक्यू २०० मध्ये दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. क्लच दाबायला तुमचा पाय नाही. ते काम मेकाट्रॉनिक नावाचं युनिट करतं. त्यात कॉम्प्युटर, व्हॉल्व्ह, प्रेशरचा पंप सगळं एकत्र. आता संध्याकाळी व्हरायटी चौकात गाडी इंच-इंच सरकतेय असं समजा. क्लच धड पकडत नाही, धड सोडत नाही, नुसता घासतो, आणि थंड करायला भोवती तेल नाही. वरून आपला मे महिना, ४५ अंश. स्कोडाची मालक कंपनी फोक्सवॅगननं नोव्हेंबर २०१३ मध्ये याच सात गिअरच्या बॉक्ससाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण-दमट हवेत थांबत-थांबत चाललेल्या गाड्यांमध्ये गिअरच्या भागातल्या सिंथेटिक तेलामुळं शॉर्टसर्किट व्हायचा धोका होता, म्हणून ते काढून मिनरल तेल भरलं. त्याच्या आधी २०१२ मध्ये चीनमध्ये या बॉक्सची वॉरंटी दहा वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवून द्यावी लागली. आणखी एक गोष्ट विकणारा सांगणार नाही: हा बॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरासाठी) बनवलेला आहे आणि तुमच्या १.८ चा टॉर्कही बरोबर २५०. म्हणजे ताकद शिल्लक अशी काही नाही.

पण तुमची केस मला वाटते तितकी वाईट नाही. मनीषनगर ते बुटीबोरी म्हणजे वर्धा रोडनं सरळ मोकळा हायवे, आणि तोही शहराच्या उलट्या दिशेनं. सुटीला समृद्धी. या गाडीला हाच रस्ता मानवतो. तुम्ही महाल भागात राहत असता आणि सदरला नोकरीला असता, तर मी इथंच 'नको' लिहून पुढच्या पत्राकडं वळलो असतो.

तेव्हा गाडी बघायला जा, पण सकाळी मालकानं गरम करून ठेवलेली नको. रात्रभर उभी असलेली, थंड इंजिनची हवी. आधी बोनेटला हात लावून बघा. सुरू केल्यावर डी आणि आर मध्ये टाकताना धक्का बसतो का, ते पाहा. मग तासभर गर्दीतून फिरवा, मालक कितीही चुळबुळ करून राहिला तरी. गरम झाल्यावर एखाद्या पुलाच्या चढावर थांबा आणि हळूच निघा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना सीटला थरथर जाणवली, की क्लच संपत आलाय. डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकलं, तर गाडी तिथंच मालकाच्या हवाली करा. शेवटी स्कॅनर लावणारा मेकॅनिक गाठा. नुसतं इंजिन नाही, गिअरबॉक्सचं युनिटही वाचून घ्यायचं. जुन्या फॉल्टसोबत त्या वेळचे किलोमीटरही बहुधा नोंदलेले असतात. ७८ हजारांच्या गाडीत एखादा फॉल्ट १ लाख १२ हजारांवर नोंदलेला निघाला, तर आणखी काही विचारायची गरज नाही.

छताकडं वर बघायला विसरू नका. नागपूरच्या उन्हात फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांच्या छताच्या कापडाचा गोंद सुटतो. मागच्या सीटवर बसलं की कापड डोक्याला लागतं, आत फोमचा भुसा झालेला असतो. दुरुस्ती फार महाग नाही. पण छत लोंबलेली गाडी उन्हात उभी असायची हे नक्की, आणि मग रबरी पाइप, कूलंटची प्लास्टिकची टाकी, वॉटर पंपाचा सांधा यांनीही तेच ऊन खाल्लेलं असतं. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. रंगीत कूलंटऐवजी साधं पाणी दिसलं, तर गळती दाबून गाडी विकायला काढली आहे असं धरून चाला.

आता माझ्या धंद्याची, म्हणजे विम्याची गोष्ट. गाडी सात लाखांत मिळाली तरी तिचा हेडलाइट वीस लाखांच्या गाडीचाच असतो. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते. प्लास्टिक आणि रबरावर तर गाडी नवी असो की जुनी, ५० टक्के, आणि या गाड्यांचं तोंड बहुतेक प्लास्टिकचंच. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा जादा विमा, या वयात सहसा मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी टोटल लॉस. रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, दोन एअरबॅग आणि एक हेडलाइट, एवढ्यात जुनी युरोपियन गाडी कागदावर मेलेली मी पाहिली आहे, आणि तीही जागेवरून चालत गॅरेजला आलेली. म्हणून प्रीमियमचे दोन-तीन हजार वाचवायला आयडीव्ही खाली आणू नका. पाच वर्षांनंतर तो आकडा तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. आणि आपसूक बिघडलेला गिअरबॉक्स विम्यात बसत नाही, हेही मिस्टरांना सांगून ठेवा.

माझा सल्ला असा. सहाच्या वर देऊ नका, आणि सौद्याच्या दिवशीच दीड-दोन लाख वेगळे बाजूला ठेवा. मेकाट्रॉनिक नवं टाकायचं झालं तर बिल लाखाच्या पुढं जातं. ते पैसे बाजूला निघत नसतील, तर सासऱ्यांचं ऐका आणि स्विफ्ट घ्या. निघत असतील, तर क्लच बदलताना लूक (LuK) कंपनीचा मागा. गाडीच्या कंपनीलाही क्लच तीच पुरवते. फिल्टर मान (Mann) किंवा बॉश कंपनीचे चालतात. कंपनीच्या डब्यातून घेतलात तर त्याच मालाचे जास्त पैसे जातात. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली, तरी इतके जुने टायर समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर १२० च्या वेगानं न्यायचे नाहीत. चारही बदलायचे आणि तो खर्च किमतीतून कापून मागायचा.

प्रश्न: डीलरकडं २०१८ ची बीएमडब्ल्यू ३ सिरीज पाहिली. फारच स्वस्त सांगून राहिला. २०२३ च्या पुरात ही गाडी नव्हती, असं तो न विचारताच म्हणाला.
एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: न विचारता म्हणाला, तर तुम्ही नक्की विचारा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, मोरभवन, सगळीकडं पाणी. बेसमेंटमधल्या गाड्या अक्षरशः तरंगल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या विमा कंपन्यांनी टोटल लॉस करून लिलावात काढल्या, आणि लिलावातली गाडी कुठं ना कुठं पुन्हा रस्त्यावर येतेच. साधी गाडी धुऊन-वाळवून बरी होते. या गाड्यांची वायरिंग जमिनीच्या कार्पेटखालून जाते, आणि ३ सिरीजची तर बॅटरीही डिकीच्या तळाशी असते. ओलावा आत राहतो. दोन वर्षांनी कनेक्टरला हिरवा गंज येतो आणि मग रोज एक नवा दिवा पेटतो.

पुढचा सीट बेल्ट संपेपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला मातीची पुसट रेघ दिसते का? डीलर सगळं धुतो, पण बेल्टचं हे टोक धुवायचं कोणाला आठवत नाही. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का, डिकीतलं बॅटरीचं तोंड पांढरं पडलंय का, तेही बघा.

खरी परीक्षा कागदाची. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, २० टक्क्यांवरून २५, ३५, ४५ असा चढत जातो. २०२३ ला ४५ टक्के आणि २०२४ ला शून्य असेल, तर मधे काय झालं ते डीलरच्या तोंडून ऐका. पॉलिसी हरवली म्हणत असेल, तर गाडीचाही विचार सोडा.

प्रश्न: दिल्ली पासिंगची २०१४ ची ऑडी ए४ डिझेल साडेचार लाखांत मिळतेय. एनओसी मिळेल म्हणतात. घ्यावी?
एक वाचक, कामठी रोड

उत्तर: नको.

कारणही सांगतो. २०१५ मध्ये हरित लवादानं दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. तेव्हापासून तिथल्या जुन्या डिझेल गाड्या मिळेल त्या भावात बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. इथं आणल्यावर बारा महिन्यांत महाराष्ट्राचा नंबर घ्यायचा आणि आपल्याकडचा रस्ता कर नव्यानं भरायचा. तो साडेचार लाखांत धरलेला नाही. २०२९ ला पंधरा वर्षं भरली की फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. आणि त्या पिढीच्या बहुतेक ए४ डिझेलमध्ये मल्टिट्रॉनिक नावाचा साखळीवर चालणारा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला) गिअरबॉक्स असतो. ऑडीनं स्वतःच पुढं तो बंद केला. तो उघडून पुन्हा नीट बसवेल असा माणूस आधी शोधा, आणि सापडला तर मला पत्र लिहून कळवा. बऱ्याच जणांना हवा आहे.

प्रश्न: माझ्याकडं २०१२ ची फियाट लिनिया डिझेल आहे. मस्त चालते. पण शोरूम बंद, मित्र हसतात. विकू का?
एक वाचक, नंदनवन

उत्तर: हसू द्या. तुमचं १.३ मल्टिजेट हेच इंजिन मारुतीनं डीडीआयएस म्हणून स्विफ्टमध्ये, टाटानं क्वाड्राजेट म्हणून व्हिस्टामध्ये घातलं. नागपुरातल्या कोणत्याही गल्लीतला डिझेल मेकॅनिक ते डोळे मिटून उघडतो. तेल वेळेवर बदला, नाहीतर टायमिंग चेन खडखडायला लागते. अडचण इंजिनची नाही, अंगावरच्या पार्टची आहे: हेडलाइट, आरसे, काचेची बटणं. भंगारात एखादी लिनिया आली असं कळलं तर त्याच दिवशी जाऊन एवढं उचलून आणा आणि माळ्यावर ठेवा. २०२७ ला पंधरा वर्षं भरली की आरटीओची फेरनोंदणी येते, त्याची तयारी ठेवा. विकायला काढलीत तर हातात एका चांगल्या स्कूटरचे पैसे येतील, आणि पावसाळ्यात स्कूटरवर भिजत फिराल. चालवा.