केकचा पाउंड आणि गुरांचा पाउंड

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय: बेकरीत आपण एक पाउंडाचा केक मागतो, लंडनच्या भाच्याला पगार पाउंडात मिळतो, आणि इंदूरची मोकाट गुरं धरून नेली की इंग्रजी पेपर लिहितो 'पाउंड'मध्ये ठेवली. वजन, पैसा आणि कोंडवाडा यांचा एकमेकांशी काय संबंध?

ताई, पहिले दोन सख्खे, तिसरा मात्र नात्यातलाही नाही. सोमवारातला वार, तलवारीचा वार आणि नऊवारीतला वार हे आपण एका शब्दाचे तीन अर्थ मानत नाही, तसंच हे.

वजनाचा पाउंड लॅटिनमधला. रोमन लोक 'लिब्रा पोंदो' म्हणत, म्हणजे वजनाने एक लिब्रा. लिब्रा म्हणजे तराजू. तूळ राशीला इंग्रजीत लिब्रा म्हणतात ते त्यामुळेच. या जोडीतून इंग्रजीने बोलायला 'पोंदो' घेतलं आणि लिहायला 'लिब्रा'. म्हणून पाउंडाचं संक्षिप्त रूप 'एलबी', आणि चलनाचं चिन्ह म्हणजे आडवी रेघ मारलेला वळणदार 'एल'. मला स्वतःला शब्दांच्या इतिहासातली ही वाटणी फार आवडते. पैशाचा पाउंड म्हणजे मुळात एक पाउंड चांदी. तिच्या २४० पेनी होत, आणि पाउंडाला २४० पेनी हा हिशेब ब्रिटनमध्ये थेट १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान नाणी येईपर्यंत चालला. वजनाचा पाउंड १९५९ पासून ०.४५३५९२३७ किलो असा पक्का ठरला आहे. तेव्हा पाउंडाच्या केकला अर्धा किलो समजू नका, तो ४५४ ग्रॅमच भरायचा.

कोंडवाड्याचा पाउंड जुन्या इंग्रजीतला, अर्थ कुंपण घातलेली जागा. आपल्याकडे ज्याला सगळे कांजी हाउस म्हणतात तेच हे. वाहतूक पोलीस गाडी 'इम्पाउंड' करतात तो शब्द यातूनच निघाला, आणि तळ्याला म्हणतात ते 'पाँड'ही याचंच दुसरं रूप: बांध घालून अडवलेलं पाणी.

आणखी एक पाउंड ताईंनी विचारला नाही, पण सांगायलाच हवा. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावनाचा मसाला खलबत्त्यात कुटतात, ते कुटणं म्हणजेही पाउंड. हा जुन्या इंग्रजीत 'पुनियन' होता. शेवटी 'ड' नव्हताच, तो बोलताबोलता मागाहून चिकटला. आवाज या अर्थाच्या 'साउंड'लाही असाच चिकटलाय.

यावरून 'कंपाउंड' आठवणारच. दवाखान्यातला कंपाउंडर औषधं मिसळायचा, तो लॅटिनमधल्या 'एकत्र ठेवणे' या क्रियापदावरून. 'ड' तिथेही उपराच. पण बंगल्याभोवतीचं कंपाउंड वेगळं. ते मलय भाषेतल्या 'काम्पोंग' म्हणजे वस्ती या शब्दावरून, पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून इंग्रजीत आलं आणि तिथून आपल्याकडे. कोंडवाड्याच्या पाउंडालाही कुंपण असतं, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात, पण त्यांचा संबंध नाही.

बातमीचं मराठी करताना गुरांसाठी सरळ 'कोंडवाडा' लिहावं आणि गाडीसाठी 'जप्त केली'.