स्क्विड प्रॉक्सी दिवसातून दोन-तीनदा बंद पडतो, सगळं पुसून पुन्हा टाकू का?

नका पुसू. निदान आज तरी नका. तुम्ही लिहिलंय की नांदेडजवळच्या तुमच्या कॉलेजात ४० कॉम्प्युटर एका स्क्विड सर्व्हरवरून नेट घेतात (स्क्विड म्हणजे सगळ्यांचं नेट स्वतःमधून नेणारा आणि पानं साठवून ठेवणारा प्रॉक्सी प्रोग्राम). मशीनला ४ जीबी रॅम आहे, डिस्कवर १०० जीबी कॅशे (साठवलेल्या पानांची जागा) आहे, 'कॅशे मेम', म्हणजे रॅममधली तशीच जागा, २ जीबी ठेवलंय. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची गर्दी झाली की सर्व्हर बंद पडतो, रीस्टार्ट केला की चालतो. परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी हेच काम सांभाळतो, आणि पुसायची घाई मी एकदा केलीय. लॉग (सर्व्हरनं लिहिलेल्या नोंदी) गेले, आणि आठवड्यानं दुखणं जसंच्या तसं परत आलं.

आधी बघा, तो खरंच मरतो की जिवंत असून गुदमरतो? पोरांना दोन्ही वेळा एकच दिसतं, पान उघडत नाही. म्हणून रीस्टार्ट मारायच्या आधी स्क्विडची प्रोसेस (चालू प्रोग्राम) आहे का तेवढं पाहून घ्या.

प्रोसेस गेली असेल तर सिस्टिमच्या लॉगमध्ये स्क्विडच्या पालक प्रोसेसची ओळ सापडेल: अमुक प्रोसेस अमुक सिग्नलनं (प्रोसेस कशामुळे थांबली ते सांगणारा आकडा) संपली. तो आकडा ९ असेल तर स्क्विड स्वतःहून पडलेला नाही, त्याला बाहेरून मारलंय. बहुतेक वेळा मारणारा लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो, रॅम संपली म्हणून. 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवा, 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ दिसेल. तुमचं दुखणं मला इथंच वाटतं. हिशोब करून पाहा. ६४-बिट मशीनवर डिस्कवरच्या दर १ जीबी कॅशेमागे सुमारे १४ एमबी रॅम नुसत्या सूचीला लागते. १०० जीबीला झाली १.४ जीबी. त्यात कॅशे मेमचे २ जीबी मिळवा. ३.४ जीबी इथंच गेली, चालू कनेक्शनचा आणि बाकी सिस्टिमचा खर्च अजून धरलेलाच नाही. कॅशे मेम म्हणजे स्क्विडच्या एकूण रॅमची मर्यादा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही, ती फक्त रॅममध्ये ठेवलेल्या पानांची मर्यादा आहे.

कॅशे मेम मुळात असतं तसं २५६ एमबी करा आणि डिस्कचा कॅशे १० जीबीवर आणा. नुकसान काही होणार नाही. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर (कूटबद्ध कनेक्शनवर) आहेत, आणि साध्या मांडणीत स्क्विड ते कनेक्शन नुसतं आरपार सोडतो, त्यातलं काही साठवत नाही. १०० जीबी भरून मिळणार काय?

प्रोसेस जिवंत असेल तर 'कॅशे डॉट लॉग' (स्क्विडचा स्वतःचा लॉग) उघडा आणि 'रनिंग आउट ऑफ फाइलडिस्क्रिप्टर्स' शोधा. असं आरपार जाणारं प्रत्येक कनेक्शन दोन डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल-कनेक्शनसाठी सिस्टिम देते ते मोजके क्रमांक) धरून बसतं, एक पोराच्या मशीनकडचं, एक साइटकडचं. ४० मशीनवर पंधरा-पंधरा कनेक्शन धरली तरी १२०० होतात. स्क्विड सुरू होताना आपल्याला किती मिळाले ते त्याच लॉगमध्ये लिहितो. तिथं १०२४ दिसलं तर गर्दीच्या वेळी अडणारच. स्क्विडच्या कॉन्फिगमध्ये 'मॅक्स फाइलडिस्क्रिप्टर्स' वाढवा, सर्व्हिसच्या फाइलमधली मर्यादाही वाढवा. नुसतं एकीकडे केलं तर बऱ्याचदा आकडा तिथंच राहतो.

आणि लाइट. आपल्याकडं ती जाते, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असते, हे तुम्हाला सांगायला नको. स्क्विडला बंद हो म्हटलं की तो चालू कनेक्शनसाठी ३० सेकंद थांबतो. आमच्या लॅबमधल्या मुलाला वाटायचं तो अडकला, मग तो बटण दाबून मशीन बंद करायचा. लाइट अशी गेली काय आणि बटण दाबलं काय, परिणाम एकच. पुढच्या वेळी लॉगमध्ये 'रीबिल्डिंग स्टोरेज', पुढे कंसात 'डर्टी लॉग' अशी ओळ येते, म्हणजे नीट बंद न झाल्यानं तो कॅशेची सूची पुन्हा बांधत असतो, डिस्क घरघरत राहते आणि सकाळचा पहिला तास हळू जातो. मी भिंतीवर कागद लावला: 'बंद करताना एक मिनिट थांबा.' तेव्हापासून ती ओळ फक्त लाइट गेल्यावरच दिसते.

सिग्नल ६ किंवा ११ निघाला तर मात्र रॅमचा हिशोब उपयोगी नाही. ६ असेल तर कॅशे डॉट लॉगमध्ये बहुधा 'असर्शन फेल्ड' (प्रोग्रामनं स्वतःचीच केलेली तपासणी फसली) दिसेल, त्यात सोर्स फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो. आधी स्क्विडची आवृत्ती अद्ययावत करा. तरी पडला तर ती ओळ, तिच्या वरच्या वीस ओळी आणि आवृत्तीचा नंबर इथं टाका, मी पाहतो.