पहिलं घर न विकता दुसऱ्यांदा व्हीए लोन

प्रश्न: मी अमेरिकन आर्मीतून निवृत्त झालो आहे. 2019 मध्ये टेक्सासमध्ये किलीनला व्हीए लोनवर, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी हमीच्या गृहकर्जावर, घर घेतलं, कर्ज 3,00,000 डॉलरचं. आता नोकरीसाठी ह्यूस्टनला जायचंय. तिथलं घर 5,60,000 ला आहे आणि किलीनचं भाड्याने देण्याचा विचार आहे. मित्र म्हणतात, पहिलं घर विकल्याशिवाय व्हीए लोन पुन्हा मिळत नाही. खरं का? (तोफखान्यात होतो, कानात सतत गुणगुण असते. फोनपेक्षा लेखी उत्तर बरं.)

उत्तर: नाही, खरं नाही. कर्जाच्या फायली हाताळताना हा गैरसमज मला वारंवार दिसतो आणि दर वेळी जीव तुटतो, कारण हक्क असताना माणसं उगाच महागडं कर्ज काढतात.

व्हीए, म्हणजे अमेरिकन सरकारचं माजी सैनिकांचं खातं, स्वतः कर्ज देत नाही, लेंडरला (कर्ज देणाऱ्या बँकेला) कर्जाच्या पाव हिश्शाची हमी देते. म्हणजे तुमची 75,000 डॉलरची हमी किलीनमध्ये अडकली आहे. हप्ते भरलेत म्हणून हा आकडा उतरत नाही, तो मूळ कर्जावरच धरतात. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिची 2025 ची कर्जमर्यादा 8,06,500 डॉलर होती; हिशोब त्यावर करू. तिचा पाव हिस्सा 2,01,625, ही तुमची एकूण हमी. त्यातून 75,000 वजा करा, 1,26,625 शिल्लक. याच्या चौपट, म्हणजे 5,06,500 पर्यंत, डाउन पेमेंट लागत नाही. तुमच्या घराच्या किमतीचा पाव हिस्सा 1,40,000 होतो. कमी पडणारे 13,375 तुम्ही भरायचे. 2020 पासून मर्यादा उठली असं ऐकलं असेल, पण ती पूर्ण हमी मोकळी असणाऱ्यांसाठी.

आता फंडिंग फीकडे, म्हणजे या कर्जासाठी व्हीएला एकदाच द्यायच्या शुल्काकडे, नीट बघा. दुसऱ्यांदा व्हीए लोन घेताना डाउन पेमेंट पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती 3.3 टक्के लागते. 13,375 च भरलेत तर फी सुमारे 18,000 डॉलर! पूर्ण पाच टक्के, म्हणजे 28,000 भरलेत तर दर 1.5 टक्क्यांवर येतो आणि फी 7,980. साडेचौदा हजार जास्त भरून दहा हजार वाचतात, शिवाय कर्जही कमी होतं. हे लेंडर आपणहून सांगेलच असं नाही; दोन्ही आकडे लेखी मागा.

पण त्याआधी तुमच्या कानांबद्दल. कंसात लिहिलंत, पण माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. सेवेमुळे झालेल्या त्रासासाठी व्हीएची डिसेबिलिटी भरपाई मिळत असेल, तर फंडिंग फी पूर्ण माफ होते. मग पाच टक्क्यांचा हिशोबही करायला नको. क्लेम केला नसेल तर आधी तो दाखल करा. निकाल घर घेतल्यानंतर लागला, पण भरपाई क्लोजिंगच्या (खरेदी व्यवहार पूर्ण होण्याच्या) आधीच्या तारखेपासून मंजूर झाली, तर भरलेली फी परत मागता येते. निवृत्त सैनिकांच्या संघटना क्लेमसाठी फुकट मदत करतात. तोफखान्यातल्या माणसाने हा त्रास मुकाट्याने सोसू नये.

ह्यूस्टनच्या घरात मात्र स्वतः राहायला जावं लागेल, साधारण 60 दिवसांत. किलीनच्या भाड्याचा करार लेंडरला दाखवा. तिथल्या हप्त्यापुरतं भाडं बहुधा हिशोबात धरतात. सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (व्हीए लोनच्या पात्रतेचा दाखला) नव्याने काढा आणि वापरलेल्या हमीपुढे 75,000 च लिहिलंय ना, ते तपासा.