आजी तांदूळ पाखडतात तेव्हा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सोबतचे बावीस फोटो दोनदा पाहिले, एकदा मोबाइलवर आणि एकदा कॉम्प्युटरवर मोठे करून. पहिल्या पगारातून नवा कॅमेरा न घेता जुना घेतलास, हे फार चांगलं केलंस. तीन ऑनलाइन कोर्स एकदम सुरू केलेस आणि तिन्ही अर्ध्यावर राहिलेत, हे मात्र तू ओशाळून लिहिलं आहेस. ओशाळू नकोस. पण त्यातले दोन आजच बंद कर.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं लहान-मोठं होणारं छिद्र, तीन शिक्षकांकडून तीनदा ऐकलंस, आणि तरी तुझ्या सातव्या फोटोत मागची तुळस स्वच्छ दिसते आहे आणि आजींचा चेहरा धूसर. ॲपर्चर तुला समजलेलं आहे. फोकसचा चौकोन कुठे बसला आहे, हे बटण दाबण्याआधी बघायची सवय अजून लागलेली नाही. सवय काही व्हिडिओ बघून लागत नाही. आईला पोळ्या लाटताना तू लहानपणापासून पाहत आलास, तरी तुझी पहिली पोळी गोल झाली नसेल.

मी साताऱ्याला एका स्टुडिओत शिकलो. मालक दर शनिवारी ३६ फोटोंचा एक रोल हातात द्यायचे. तो मीच धुवायचा, कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे सगळ्या चौकटी फिल्मच्याच आकारात एका कागदावर, काढायची, आणि ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे. ३६ पैकी एखाद्या चौकटीभोवती गोल, बाकीच्यांवर काट. काट का मारली हे एका वाक्यात सांगायचे. दोन वर्षांनी त्यांनी मला एकट्याला लग्नाला पाठवलं. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, मी फोटो काढत राहिलो. काउंटर ३७ वर गेला, ३८ वर गेला, तेव्हा पोटात गोळा आला. रोलचं टोक दात्यात अडकलंच नव्हतं, आत फिल्म जागची हललीही नव्हती. फिल्म पुढे सरकत असेल तर डाव्या हाताची गुंडी आपोआप फिरते. तिच्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्या मुलीच्या वडिलांसमोर उभं राहून हे सांगताना काय झालं असेल, याची कल्पना कर. आजही ते घर ओलांडताना माझी नजर खाली जाते.

हे मुद्दाम लिहितोय, कारण ती गुंडी म्हणजे आज तुझ्या कॅमेऱ्यामागचा स्क्रीन. पहिला फोटो काढलास की तो मोठा कर आणि डोळ्यांवर फोकस आहे का बघ. प्रत्येक फोटोनंतर नको, पण जागा किंवा उजेड बदलला की नक्की.

आता कोर्स कोणता ठेवायचा ते सांगतो. तुला ‘असं का होतं’ असे प्रश्न पडतात, म्हणून मार्क लेव्हॉय यांची व्याख्यानं घे. हे स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवायचे. २०१६ मध्ये गूगलमध्ये त्यांनी १८ व्याख्यानं दिली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. थोडं गणित आहे, घाबरू नकोस. ती झाली की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा कोर्सेरावरचा कोर्स बघ. त्यात बटणं शिकवत नाहीत, फोटो वाचायला शिकवतात. प्रीसेट, म्हणजे एका टिचकीत फोटोचे रंग बदलणारे तयार साचे, विकणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नकोस. रंग बदलून वाईट उजेड चांगला होत नाही.

एक धडा पाहिलास की आठवडाभर दुसरा लावायचा नाही. शटरचा, म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा याचा, धडा घे. आजी सकाळी खिडकीपाशी सुपात तांदूळ पाखडतात ना? आधी ट्यूबलाइट बंद कर, नाहीतर तिचा आणि खिडकीचा रंग एकमेकांत मिसळून चेहरा आजारी दिसतो. आजींना खिडकीपासून हातभर अंतरावर बसव. ॲपर्चर एफ ४ वर ठेव. शटर १/३० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, २०० ने सुरुवात कर, उजेड कमी-जास्त असेल तर आयएसओ हलव. दाणे उडतील तेव्हा पांढऱ्या रेघा उमटतील, आणि आजींचे हातही थोडे पुसट होतील. मग शटर १/५०० कर. उजेड सोळापट कमी झाला, म्हणून आयएसओ सोळापट, म्हणजे ३२००. आता एकेक दाणा हवेत सुटा दिसेल, सुपाच्या कडेला उडालेलं तूससुद्धा. पण सावलीच्या बाजूला बारीक ठिपक्यांची खरखर आलेली असेल. तोच तांदूळ, तीच खिडकी. यातला कुठला फोटो आजींचा वाटतो, ते तुझं तू ठरव. मला विचारशील तर मधलं कुठेतरी, १/१२५ च्या आसपास. तिथे हात स्थिर येतात आणि तांदूळ थोडा धावतो. शटर, ॲपर्चर आणि आयएसओ यांचा हा त्रिकोण कागदावर काढून पाठ करण्यापेक्षा असा एकदा हाताने फिरवलास की विसरायचा नाहीस.

पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्याचे आकडे तेच ठेव आणि आजींना फक्त फिरव. चेहरा खिडकीकडे, मग कडेने, मग खिडकी पाठीशी. कडेने उजेड आला की सुरकुत्या उठून दिसतात. काळोख्या गालाकडे थर्माकोलचा एक पांढरा तुकडा धर, आणि डोळ्यांतली खिडकीची इवलीशी चौकट पाहायला विसरू नकोस. ती दिसली की चेहरा जिवंत होतो.

परदेशी शिक्षक शिकवतात ते बरोबरच असतं, पण त्यांचा सूर्य वेगळा आहे. सूर्य मावळण्याआधीच्या मऊ उजेडाला ते ‘गोल्डन अवर’ म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे खरंच तासभर मिळतो. तिथे सूर्य तिरका उतरतो, आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो. लंडनला मार्चमध्ये तासभर टिकणारा मऊ उजेड आपल्याकडे पाऊण तासाच्या आतच संपतो. तेव्हा जागा आधी हेरून ठेव आणि सूर्य हातभर वर असतानाच जाऊन उभा राहा. पावसाळा मात्र आपल्याला मिळालेली देणगीच आहे. ढगांतून येणारा उजेड कुणाच्याच चेहऱ्यावर कडक सावली पाडत नाही.

आषाढात वारीला जाणार म्हणतोस, तर हेही ध्यानात ठेव. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं धरून हिशेब करतो. पांढऱ्या धोतर-सदऱ्यांनी चौकट भरली की तो उजेड कापतो आणि वारकरी मळकट दिसतात. अधिक-उण्याचं बटण दाबून एक पायरी वर जा. काळ्या म्हशीचा फोटो काढशील तेव्हा याच्या उलट कर.

आणि लेन्सची बुरशी. कोरड्या हवेत राहून कोर्स शिकवणाऱ्यांना ती माहीत नसते, म्हणून ते बोलत नाहीत. माझी एक चांगली लेन्स मी एका पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवली आणि गमावली. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरले. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा घे, त्यात सिलिका जेलची पुरचुंडी टाक. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत सुकव. तो तवा मात्र पोळ्यांचा नको.

एक गोष्ट कोणताच व्हिडिओ देत नाही, ती म्हणजे लाल पेन्सिल, आपला फोटो बघून चूक सांगणारं जवळचं माणूस. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकत होत्या तेव्हा त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचे फोटो काढले, आणि त्यांना कॅमेरा शिकवणारे, पुढे त्यांचे पती झालेले माणेकशॉ व्यारावाला जवळच होते. तुझ्याजवळ आजी आहेत, बँकेतले सहकारी आहेत, चौकातला चहावाला आहे. फोटोंसाठी माणसं लांब शोधायला जाऊ नकोस. ते फोटो बघायला मी आहे. डोळे थोडे अधू झालेत, पण फोकस गेला की अजून कळतं.

मोबाइलवर पाठवू नकोस. आठवड्यातले चारच निवड, पोस्टकार्डाएवढ्या आकाराच्या प्रिंट काढ, आणि मागे पेन्सिलीने शटर, ॲपर्चर, आयएसओ लिही. बावीसातले अठरा बाजूला ठेवताना त्रास होईल, तो मला चालेल. शिवाय पाचवी एक प्रिंट आजींसाठी काढ आणि त्यांच्या हातात दे. त्या काय म्हणतात ते मला अगदी त्यांच्या शब्दांत लिहून कळव.

आजींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका