बारा जणांत एक नापास हवाच का?

प्रश्न : माझ्या टीममध्ये बारा जण आहेत. वार्षिक मूल्यमापनात पूर्ण विभागाची सरासरी ७२ आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत, याचं माप) ८ आलं. एचआरने बेल कर्व्ह (बहुतेक जण मध्ये आणि दोन्ही टोकांना थोडे, असा घंटेच्या आकाराचा आलेख) लावून ठरवलं, की ८४च्या वर 'उत्कृष्ट', ६०च्या खाली 'असमाधानकारक' आणि प्रत्येक टीममधून तळाच्या श्रेणीत एक नाव द्यायचंच. माझ्याकडे सगळ्यात कमी गुण ६३ आहेत. एका सहकारी बाईंना ८३ मिळाले. काय करू?

उत्तर : नाव देऊ नका. निदान बेल कर्व्हच्या नावाने तरी नको.

तुमच्या एचआरचं गणितच वापरू. ८४ आणि ६० या रेषा सरासरीपासून दीड प्रमाण विचलनावर आहेत. वितरण अगदी पुस्तकातल्यासारखं प्रसामान्य, म्हणजे बेल कर्व्हच्या आकाराचं, धरलं तरी ६०च्या खाली ६.७ टक्के लोक येतात. म्हणजे कोणताही एक माणूस रेषेच्या वर असण्याची शक्यता ०.९३३. बारा जणांसाठी ०.९३३ हा आकडा बारा वेळा मांडून एकमेकांशी गुणा, उत्तर येतं ०.४४. शंभरातल्या साधारण चव्वेचाळीस टीममध्ये तळाला कुणीच नसणार, आणि हे खुद्द कर्व्हच सांगतोय! हजार जणांचं प्रमाण बारा जणांवर हुकूम म्हणून लादलं, की ते संख्याशास्त्र राहत नाही.

आता ८३चं बघू. १९९६ मध्ये विश्वेश्वरन, ओन्स आणि श्मिट या संशोधकांनी बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. एकाच कर्मचाऱ्याला दोन वरिष्ठांनी दिलेल्या एकूण गुणांमधला सहसंबंध सरासरी ०.५२ निघाला (दोघांचे गुण तंतोतंत जुळले असते तर तो १ आला असता). तुमच्याकडेही विश्वासार्हता तेवढीच धरली, तर ८ गुणांच्या प्रमाण विचलनावर मोजमापाची चूक साडेपाच गुणांच्या आसपास जाते. मग ८३ आणि ८४ यांत फरक कसला? बाईंचं काम दुसऱ्या वरिष्ठाने पाहिलं असतं तर कदाचित ८७ आले असते. ७९सुद्धा.

शिवाय मुलाखती घेऊन, चाळून निवडलेली माणसं प्रसामान्य वितरणातच बसतील, हे मुळात कुणी तपासलंय? विभागाच्या गुणांचा आलेख काढून मागा. ते काम पाच मिनिटांचं आहे, तरी तो फारसा कुणी काढत नाही. (जीई या अमेरिकी कंपनीचे माजी प्रमुख जॅक वेल्श यांची वरचे २०, मधले ७० आणि तळाचे १० टक्के ही वाटणी तर दोन्ही बाजूंनी सारखीही नव्हती, तरी ती 'कर्व्ह' म्हणूनच खपली.) माझा अनुभव असा, की हट्टामागे बहुतेक वेळा वेतनवाढीची ठरलेली रक्कम असते. पैसे कमी असतील तर तसं सांगावं, ज्याच्या नावाने हा कर्व्ह ओळखला जातो त्या गणितज्ञ गाउसला मध्ये ओढू नये.

एचआरला लेखी दोन गोष्टी कळवा. टक्केवारी पाळायचीच असेल तर ती पूर्ण विभागावर पाळा, टीमवर नको. आणि रेषेच्या पाच-सहा गुण अलीकडे-पलीकडे जो असेल, त्याचं काम दुसऱ्या वरिष्ठाकडून तपासून घ्या. त्यात तुमचे ६३ही येतात आणि ८३ही. पुढच्या वर्षी 'समाधानकारक' म्हणजे कोणतं काम, किती आणि कोणत्या दर्जाचं, हे गुण देण्याआधी लिहून काढा, म्हणजे रेषा सरासरीबरोबर सरकणार नाही. या वर्षी मात्र दुसरं मत हातात येईपर्यंत त्या बाईंच्या श्रेणीचा रकाना रिकामा ठेवा.