पिठोऱ्याचं जाकीट करण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझी रेखाटनं पाहिली. जांबुघोड्याच्या जंगलात पाहुण्यांना फिरवणाऱ्या राठवा आदिवासी मुलांसाठी तू पिठोऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या घरच्या भिंतीवरच्या देवचित्राच्या, घोड्यांची जाकिटं काढली आहेस. रेष सुरेख आहे, पण ही जाकिटं करू नकोस.

पिठोरा भिंतीच्या शोभेसाठी काढत नाहीत. तो फेडलेला नवस असतो. घरात दुखणं आलं, गुरं दगावली, की घरधनी बडव्याकडे, म्हणजे त्यांच्या भगताकडे, जातो आणि पिठोऱ्याचा नवस बोलतो. मग कुमारिका ओसरीची भिंत शेणामातीनं सारवतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. लखारे, म्हणजे पिठोऱ्याचे चित्रकार, घोडे काढतात आणि शेवटी अंगात आलेला बडवा एकेक आकृती ओळखत जातो. काही राहिलं असेल तर ते तिथल्या तिथे काढावं लागतं. आपल्या देव्हाऱ्यातले टाक कुणी सदऱ्याला बटणं म्हणून लावले, तर तुझ्या आजीला काय वाटेल? राठवा चित्रकार स्वतः कागदावर, कापडावर पिठोरा काढून विकतात. परेश राठवांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली. पण तो निर्णय त्यांचा आहे. तू तो परस्पर घेऊ नयेस.

गाइडला रोज घेरैयाचा, म्हणजे होळीतल्या नाचकऱ्याचा, साज चढवायचंही मनातून काढ. ती मोरपिसं, ते घुंगरू होळीनंतरच्या कवांटच्या मेळ्याचे आहेत.

पाहुण्यांनी खाकीच घालावी, हे तू गीरकडे बघून ठरवलंस, असं मला वाटतं. इथे सिंह नाही, अस्वल आहे. त्याची नजर अधू, पण नाक फार तिखट. पाहुण्यांच्या कपड्यांच्या रंगापेक्षा त्यांनी अत्तर लावू नये, याची सूचना आधी छाप.

वस्त्रच करायचं असेल तर कसोट्याकडे बघ. राठवा पुरुष नेसत आले ते हे सुती वस्त्र, खड्ड्यातल्या मागावर विणलेलं. पन्हा अरुंद असतो, म्हणून जाकिटाचा हट्ट सोड. झोळी, गळपट्टा, टोपीची पट्टी यांचा विचार कर, म्हणजे विण कापावी लागणार नाही. आधी तेजगढच्या आदिवासी अकादमीचं संग्रहालय बघून ये, मग विणकराच्या घरी जा. नमुना त्यालाच ठरवू दे, आणि गाइड मुलांना काय घालायचंय तेही विचार. ऑर्डर देताना अर्धी रक्कम आगाऊ दे. सूत त्यानं पदरमोड करून आणायचं आणि पैसे तू हंगाम संपल्यावर द्यायचे, असं होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी